तापीच्या काठाने, मुक्ताच्या चालीने

नंदुरबार जिल्ह्यात फिरायला जातो म्हटलं की सगळे तोरणमाळ सांगतात. थंड हवा, तलाव, घाटाची वळणं. आम्ही तोरणमाळला गेलो नाही. आम्ही सारंगखेड्याहून प्रकाशाला गेलो. गाडीने हे अंतर एका गप्पेत संपतं. आम्ही त्याला तीन दिवस लावले, कारण आम्ही तापीच्या काठाने चालत गेलो, आणि आमच्यातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस अकरा वर्षांचं होतं.

हे माणूस म्हणजे आमची मुलगी मुक्ता. दीड वर्षापूर्वी तिला मधुमेह निघाला. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. तेव्हापासून दिवसाला चार सुया, पाच-सहा वेळा बोट टोचून साखर बघणं, आणि घासाघासाचं मोजमाप. साखर वाढली तर त्रास होतोच, पण एकदम उतरली तर हातपाय कापतात, घाम फुटतो, आणि वेळेवर तोंडात गोड पडलं नाही तर शुद्ध जाऊ शकते. चालण्याने साखर उतरते. म्हणून या दीड वर्षात मी तिला फार चालू दिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या वर्गाची सहल पक्षी बघायला निघाली. बाईंनी मला बोलावून प्रेमानेच सांगितलं, "तिला नका पाठवू हो. काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. मुक्ता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध पिताना म्हणाली, "मग आपण जाऊ. बसने नाही. चालत."

माझा नवरा हेमंत नाशिकला जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान चालवतो, पण तो मूळचा खानदेशातला. त्यानेच ही वाट सुचवली. सारंगखेड्याला तापीवर एक बंधारा आहे आणि खाली प्रकाशाला दुसरा. दोन्हींच्या मध्ये पाणी तुंबून राहतं, कडेला चिखल आणि पाणगवत, आणि थंडीत तिथे पाखरांची जत्रा. तो लहानपणी सुट्टीत चुलत बहिणीकडे यायचा तेव्हा त्याने ती पाहिली होती. डॉक्टरांनी पानभर सूचना लिहून दिल्या आणि खाली एक ओळ: "जरूर जा." मला ती ओळ सोडून बाकी सगळं पान पाठ झालं होतं.

सारंगखेडा

आम्ही पोचलो तेव्हा घोड्यांची यात्रा संपून दोनेक आठवडे झाले होते. मैदानात खुंट्यांची भोकं तेवढी राहिली होती आणि उन्हात लिदीचा वाळका वास येत होता. मुक्ताला घोडे न दिसल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ती विजेच्या तारेवरचा निळकंठ बघत होती.

हेमंतची चुलत बहीण शोभाताई यांच्या घरी आमचा मुक्काम. माझं माहेर संगमेश्वरकडचं. आमच्याकडे पाहुणा आला की घावणे होतात आणि पाहुणा 'पुरे' म्हणाला की हात थांबतो. खानदेशात 'पुरे' हा शब्द कुणाला ऐकूच येत नाही. शोभाताईंनी खापराचे मांडे केले होते. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर, आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरत नेलेली पुरणाची पोळी. लाटणं नाही, पोळपाट नाही. तेरा वर्षं झाली लग्नाला, तरी हा प्रकार बघताना माझे डोळे अजून विस्फारतात.

शोभाताईंनी मुक्ताच्या ताटात अख्खा मांडा ठेवला. मुक्ताने पिशवीतून छोटा वजनकाटा काढला, मांड्याचा चौथा भाग तोडून त्यावर ठेवला, आकडा बघितला आणि मनातल्या मनात हिशेब केला.

शोभाताईंचा हात हवेतच राहिला. "आव माय! पुरनपोयी मोजीसन खातस का कोनी?"

"हो आत्या," मुक्ता म्हणाली. "मोजून खाते. पण खाते."

शोभाताई आधी हसल्या, मग उठून चुलीकडे तोंड करून बसल्या. हेमंतने त्यांना त्यांच्या बोलीत सगळं समजावलं, इन्सुलिन कसं लागतं, कशाने काय होतं. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "मंग दाय चाली का तिले? दायनं काही कराव का?" डाळ चालेल, उलट उत्तमच, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी डोळे पुसले आणि उद्याच्या डब्याची जबाबदारी घेऊन टाकली.

पहिला दिवस: धुकं आणि चक्रवाक

सकाळी सातला काठावर आलो तर नदी नव्हती. नुसतं पांढरं धुकं. पलीकडच्या काठावरचा पाण्याचा पंप ऐकू येत होता, पण पाणी दिसत नव्हतं. आम्ही दरडीवर उभं राहून वाट बघितली. मग त्या पांढऱ्यातून आवाज आला, रबरी भोंग्यासारखा, दोन-तीन सुरांत. मुक्ताने माझं मनगट घट्ट धरलं.

"चक्रवाक," ती कुजबुजली. "आई, चक्रवाक."

धुकं हळूहळू वर सरकलं आणि खाली चिखलाच्या जिभेवर ते दिसले. केशरी तांबूस, ताठ मानेचे, जोडीजोडीने. तिने मोजले: चौदा. त्यांच्या पलीकडे हळदीकुंकू बदकं, चोचीला खरोखरच पिवळं आणि लाल बोट लावल्यासारखी. लांब लाल पायांचे शेकाटे काड्यांवर चालल्यासारखे पाण्यात फिरत होते. एक कवड्या खंड्या हवेत एका जागी थरथरत थांबला आणि दगडासारखा खाली पडला. मुक्ता दुर्बिणीतून डोळा न काढता वहीत लिहीत होती, त्यामुळे त्या दिवशीच्या ओळी सगळ्या एकमेकींवर चढल्या आहेत.

तापी माझ्या माहेरच्या नद्यांसारखी नाही. आमच्या नद्या घाटातून उड्या मारत येतात आणि दिवसभरात समुद्राला मिळतात. ही रुंद, संथ, आणि दोन्ही बाजूंना काळ्या-पिवळ्या मातीच्या उंच दरडी. वरून केळी, पपई, ऊस अगदी कडेपर्यंत आलेला. वाट म्हणजे शेतांचे बांध. सरळ चालायला सोपी, पण दर अर्ध्या किलोमीटरला एक नाला दरड फोडून नदीत उतरतो, आणि मग बसत, घसरत खाली आणि मुळ्या धरून वर. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर हे नाले लक्षात ठेवा. मुलांना ते फार आवडतात. त्रास आपल्यालाच होतो.

वाटेत जो भेटला त्याने मोटारसायकल थांबवली. "कोठे जाई ऱ्हायनात?"

"प्रकाशाले," हेमंत सांगे.

"बठा ना मंग, सोडी देस."

"नही भाऊ, पायीच जानं शे."

प्रकाशा हे तीर्थाचं गाव, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला: "नवस शे का?" पाखरं बघायला चाललोय हे कुणाला पटेना. एक केळीवाले शेतकरी तर मुक्ताकडे बघून म्हणाले, "पाखरं ते बठीसन बी दिखतस, बेटा." मुक्ता म्हणाली, "बसलं की तीच तीच दिसतात, आजोबा." त्यांनी थोडा विचार केला, "खरं शे" म्हणाले आणि घडातली तीन केळी तोडून दिली.

दर तासाला आम्ही थांबत होतो. मुक्ताच्या वहीत पुढून पक्षी आणि मागून साखर. मागच्या पानांवर तिने दोन रकाने आखले होते: 'अंदाज' आणि 'खरी'. बोट टोचण्याआधी ती डोळे मिटून आपल्याला कसं वाटतंय ते बघायची, एक आकडा लिहायची, मग यंत्रावरचा आकडा त्याच्यासमोर. हा खेळ डॉक्टरांनी शिकवला होता. मी त्याकडे खेळ म्हणूनच बघत होते.

दुपारनंतर शोभाताईंच्या शेतातल्या घरी पोचलो. त्या स्कूटरवर डबा घेऊन आधीच आल्या होत्या: तुरीच्या भरड डाळीचे वाफवलेले फुनके आणि वर ओतायला गरम कढी. मुक्ताने काटा काढला. शोभाताई म्हणाल्या, "मी मोजीसन उनू. एक फुनका, इतला." आणि कमरेच्या बटव्यातून चिठ्ठी काढली. शेजारच्या दुकानातल्या तराजूवर त्यांनी एकेक फुनका जोखला होता. मुक्ताने सहा खाल्ले.

दुसरा दिवस: नाला

आता माझ्या एका लबाडीबद्दल सांगायला हवं. निघण्याआधी मी शहाद्याच्या एका जीपवाल्याशी बोलून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला नदीजवळच्या रस्त्यावर येऊन थांबा, आम्ही बहुतेक तिथून गाडीने परत येऊ. हेमंतला सांगितलं नव्हतं. मुक्ताला तर नाहीच.

साडेदहाला आम्ही एका बाभळीखाली बसून फुटाणे खात असताना माझा फोन वाजला. मुक्ताच्या जवळ होता म्हणून तिने उचलला. तिने ऐकलं, "हो, सांगते," म्हणाली आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

"जीप आली आहे. तू बोलावलेली."

मी काहीतरी बोलले. असू दे, अडीअडचणीला, असं काहीसं.

"अडीअडचणीला नाही. तो म्हणाला, 'म्याडम बोलनी थी, अकराले परत जानं शे.'" तिचा आवाज चढला नाही. "तुला पहिल्यापासून वाटत होतं की मी पोचणार नाही."

हेमंत माझ्याकडे बघत राहिला. मुक्ताने सॅक उचलली आणि चालायला लागली. मी तिच्यामागे झपाट्याने निघाले, समजूत काढायला. पुढे नाला होता. ती नीट बसून, टाचा रोवत उतरली. मी उभ्यानेच उतरायला गेले. मला आठवतं ते एवढंच की आभाळ दिसलं, मग केळीची पानं, मग गार पाणी मानेपर्यंत.

लागलं फारसं नाही. कोपर सोललं आणि गुडघा दुखावला. पण साखर बघायचं यंत्र, पट्ट्यांची डबी आणि ग्लुकोजचा डबा माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता. उघडलं तेव्हा डब्यात लापशी झाली होती. यंत्राचं बटण दाबलं, काच कोरीच राहिली. इन्सुलिन हेमंतच्या पिशवीतल्या थर्मासमध्ये सुखरूप होतं. पण साखर किती हे न कळता इन्सुलिन घेणं म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणं.

"झालं," मी म्हणाले. "जीप आहेच. चला."

त्या शब्दांमध्ये जरासा आनंदही होता, हे मी इथे कबूल करते.

मुक्ता नाल्याच्या दगडावर बसली होती. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. मागची पानं. 'अंदाज' एकशे चाळीस, 'खरी' एकशे बत्तीस. 'अंदाज' नव्वद, 'खरी' शहाण्णव. पान उलटलं, तसंच. कधी चुकलं होतं, दोनदा बरंच चुकलं होतं, पण उतरलेली साखर तिने एकदाही चुकवली नव्हती. जिथे जिथे 'खरी' सत्तरच्या खाली होती, तिथे तिथे 'अंदाज'ही खालीच होता.

"उतरली की मला यंत्राच्या आधी कळतं, आई. मी तुला किती वेळा सांगितलं. तू वही बघितलीच नाहीस."

नव्हती बघितली. मी तिचं शरीर बघत होते, रंग, घाम, डोळे. वही तिची म्हणून सोडून दिली होती.

हेमंत म्हणाला, "यंत्राशिवाय पुढे जायचं नाही, हे नक्की. पण यंत्र शहाद्याला मिळतं. जीप आहे. मी जातो आणि घेऊन येतो. तुम्ही पुढे मासेमारांच्या वस्तीपर्यंत जा, दोन किलोमीटर सपाट आहे. नाहीतर तिघेही गाडीत बसू. सांग."

तो 'सांग' माझ्यासाठी होता. मी डॉक्टरांचं पान आठवलं. दर तासाला काही खायचं. खिशात साखर ठेवायची, ती मुक्ताच्या खिशात होती. एकटं सोडायचं नाही. त्यातलं काहीच मोडत नव्हतं. मोडत होती ती फक्त माझी भीती.

"आम्ही पुढे जातो," मी म्हणाले.

हेमंत रस्त्याकडे निघाला. मी लंगडत, मुक्ता माझ्या चालीने. ती अजून रागात होती पण नाल्यातून वर चढताना तिने मला हात दिला. काठाच्या दलदलीत उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी शोधत होते. त्यांच्या चोचीत मधे फट असते, बंद केली तरी. मुक्ताने ती मला दाखवली, बोलायचं नव्हतं म्हणून नुसत्या बोटाने.

वस्ती दिसायला लागली, काठावर ओढून ठेवलेल्या दोन लहान नावा, वाळत घातलेली जाळी. तिथून शंभर पावलांवर मुक्ता थांबली आणि बांधावर खाली बसली.

"आई. आलं."

 मी पिशवी उपसायला लागले, त्यात काही नाही हे माहीत असून. ती शांतपणे खिशातून पुड्या काढत होती. घरून निघताना तिने स्वतःच बांधलेल्या साखरेच्या चार पुड्या. बोटं थरथरत होती. एक फोडली, तोंडात रिकामी केली, पाण्याचा घोट. दुसरी, तिसरी. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं," ती म्हणाली. कपाळावर घाम आला होता, ओठ फिके पडले होते. मी तिला मिठी मारायला गेले तर म्हणाली, "आई, नको. गरम होतंय. नुसती जवळ बस."

जाळी सोडून एक बाई धावत आली. पन्नाशीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हाताला माशांचा वास. नाव जिजाबाई, हे नंतर कळलं. "काय व्हयनं पोरले?"

मी रडत रडत सांगितलं. काय सांगितलं मला आठवत नाही. जिजाबाईंनी मुक्ताकडे बघितलं, घड्याळाकडे बघणाऱ्या त्या मुलीकडे, आणि मग माझ्याकडे.

"सोता बठनी ना ती? सोता साखर खादी?"

"हो."

"मंग तू कसाले रडस?"

 आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. समोर पाणकावळे ओंडक्यावर पंख पसरून ऊन खात होते. जिजाबाई त्यांना 'पानकावया' म्हणत. माझ्या वाटणीची मच्छी खाऊन हे वर कपडे वाळवत बसतात, अशी त्यांची तक्रार. मुक्ता हसली. तिच्या ओठांवर रंग परत येताना मी बघितला. पंधरा मिनिटं झाली तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली, "आता नव्वदच्या पुढे." मग केळं खाल्लं.

तासाभराने हेमंत आला. नवं यंत्र घेऊन तिने बोट टोचलं, तेही आधी वहीत आकडा लिहून. 'अंदाज' एकशे तीस. 'खरी' एकशे एकवीस. मी वही हातात घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. वाचून झाल्यावर हेमंतच्या फोनवरून जीपवाल्याला फोन केला आणि आता आमच्यासाठी थांबू नका म्हणून सांगितलं. मुक्ता नावांपाशी होती, तरी तिने ऐकलं असावं, कारण थोड्या वेळाने ती येऊन माझ्या सोललेल्या कोपराला हळद लावून गेली.

त्या दिवशी जिजाबाईंच्याच घरी राहिलो. जेवायला तापीतला मासा, लाल मिरचीच्या रश्श्यात. नंदुरबारची मिरची रंगाला देखणी आणि जिभेला निर्दयी. माझ्या माहेरी माशात खोबरं असतं, कोकम असतं, मासा जरा सांभाळून घेतलेला असतो. इथे त्याला कुणी सांभाळत नाही. कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, कुस्करून त्यात रस्सा. हेमंतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो थांबत नव्हता. जिजाबाईंनी मुक्तासाठी भाकरीचं पीठ मुठीने मोजलं आणि तिला विचारलं, "मन्ही मूठ चाली का तुन्हा काटाले?" मुक्ताने मूठभर पीठ जोखून बघितलं आणि चालेल म्हणाली.

तिसरा दिवस: बेट

सकाळी नदीच्या मध्ये एक लांबट बेट दिसत होतं, गवताचं आणि गाळाचं. त्याच्या टोकावर मोठे पांढरे पक्षी उभे होते, दुर्बिणीतून नुसते ठिपके. मुक्ता म्हणाली चित्रबलाक असतील, पण खात्री नाही. खूप लांब होते.

"तठे जानं शे का?" जिजाबाईंनी विचारलं. "मी जाळं काढाले जाई ऱ्हायनू. पन नावमा दोनच जन मावतस. मी आनि पोर."

  मुक्ताने 'प्लीज' म्हटलं असतं तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती फक्त बेटाकडे बघत होती.

मी जिजाबाईंना विचारलं, पाणी किती खोल? बेटापर्यंत छातीएवढं, म्हणाल्या. त्यांनी एक फुगवलेली ट्यूब मुक्ताच्या काखेतून घालून दोरीने बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मी यंत्र मुक्ताच्या खिशात ठेवायला गेले. ते आधीच तिथे होतं. साखरेच्या पुड्याही होत्या. बिस्किटं, पाणी, वही, पेन्सिल. मला ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"जा," मी म्हणाले.

नाव काठापासून सुटली. जिजाबाई वल्हवत होत्या, मुक्ता समोर ताठ बसलेली, दोन्ही हात नावेच्या कडांवर. दोन नदीसुरय त्यांच्या डोक्यावरून गेले, पिवळ्या चोचींचे. मुक्ताने मान वर केली. नाव लहान होत गेली.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली ती काढलीच नाही. ती बेटावर उतरली. जिजाबाई जाळं ओढायला पलीकडे गेल्या, आणि मुक्ता गवतातून वाकून, थांबत थांबत टोकाकडे सरकली. पक्षी उडाले नाहीत. ती गुडघ्यांवर बसली. बराच वेळ तशीच. मग तिने खिशातून यंत्र काढलं. बोट टोचलं. आकडा बघितला, वहीत लिहिला, एक बिस्कीट काढून खाल्लं. तोंड हलत होतं आणि डोळे पक्ष्यांवर. तिने एकदाही काठाकडे वळून बघितलं नाही.

"किती असेल?" हेमंतने विचारलं.

"तिला माहीत आहे," मी म्हणाले.

तासाभराने नाव परत आली. मुक्ता उतरण्याआधीच बोलायला लागली. चित्रबलाकच होते, अकरा, त्यांच्या शेपटीजवळची पिसं गुलाबी असतात, अगदी गुलाबी, पुस्तकात दिसतात त्याहून जास्त, आणि त्यातल्या एकाने मासा पकडला तर शेजारच्याने तो पळवला, आणि जिजामावशींनी तिला जाळ्याचं एक टोक धरायला दिलं. तिचे बूट चिखलाने भरले होते, केसांत गवत. आकडा तिने सांगितला नाही. मी विचारला नाही.

जिजाबाईंनी निघताना तिच्या गालाला हात लावून बोटं मोडली. "यी जाय पुढला साले, माय," म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तू बी ये. पन नाल्यामा बठीसन उतर."

प्रकाशापर्यंत अजून पाच-सहा किलोमीटर होते. माझा गुडघा सुजला होता. हेमंतने बाभळीची काठी तासून दिली. आम्ही उसाच्या कडेने निघालो, मुक्ता सगळ्यांत पुढे. ऊन चढलं, वाट पाण्याजवळून गेली, टिटव्या आमच्या डोक्यावर ओरडत राहिल्या. दोनदा थांबलो, खाल्लं, पुन्हा चाललो. दुपारी मुक्ता एका उंचवट्यावर चढून उभी राहिली आणि पुढे हात केला. मी वर पोचले तेव्हा मला घाट दिसला, देवळांची शिखरं दिसली, आणि त्यांच्याकडे उतरत निघालेली माझ्या मुलीची पाठ दिसली.